आतल्यानं ठोकत राहायचं

आधी दिवा वर गेला. विहिरीतून घागर ओढून घ्यावी तसा, वायरीला लोंबकळत, माझ्या नाकासमोरून. मला वाटलं, आबांनी बल्ब पुसायला घेतला असेल. मग टाकीच्या तोंडाशी लावलेला टेबलफॅन बंद पडला. आणि मग झाकण खाली आलं.

"आबा?" मी म्हणाले.

वरून नट आवळल्याचा आवाज आला. आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. घाई नव्हती. काम जाणणाऱ्या माणसाचा हात होता तो.

"आबा, मी आत हाय. झाकान काढा."

माझ्या उजव्या हातात रंगाचा ब्रश होता, डावा हात ओल्या रंगात टेकलेला. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून देतात तो राखाडी रंग होता. नाकात झोंबणारा. पंखा चालू होता तोवर त्याचा वास सोसत होता. आता तो एकदम गळ्यात उतरला. बाहेर जीपचं बटण दाबल्याचा खरखराट झाला, इंजिन धरलं, आणि माझ्या पाठीखालची टाकी हलली.

टाकी म्हणजे मिलिटरीचा पाण्याचा ट्रेलर. दोन चाकांवर आडवं ठेवलेलं पिंप समजा, हजारेक लिटरचं. सैन्याच्या लिलावात निघालेला, तिथून पुण्याच्या एका भंगारवाल्याकडे आलेला आणि त्याच्याकडून आम्ही घेतलेला. आम्ही म्हणजे आमच्या गावच्या बचत गटाच्या बाया. मी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मुकादम होते. वरच्या पठारावर आम्ही चिंच, कडुनिंब, करंज लावले होते आणि उन्हाळ्यात ते डोळ्यांदेखत वाळत होते. खटाव तालुक्याचा उन्हाळा तो. डोक्यावर हंडा घेऊन किती रोपं जगवणार?

पण खरं सांगायचं तर तो ट्रेलर मी रोपांसाठी पसंत केला नव्हता. भंगारवाल्याच्या आवारात दुसऱ्याही टाक्या होत्या, याच्याहून बऱ्या. मी आबांना बरोबर नेलं होतं, घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून. गंजक्या ढिगाऱ्यातून ते सरळ त्या ट्रेलरपाशी गेले, मागच्या पितळी तोट्यांवर हात फिरवला आणि म्हणाले, "ह्याचं वायसर बदलायला पायजे." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं शहाणं वाक्य होतं.

आबा म्हणजे माझे वडील, हवालदार यशवंत फडतरे. सैन्यात पाण्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. माझा मामा किसन त्यांच्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर. पासष्टच्या लढाईत मामा गेला. पुढच्या वर्षी आबांनी मामाच्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आईशी लग्न केलं. मामाचा गणवेशातला फोटो आमच्या घरात देवाशेजारी असायचा आणि त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलायचं नाही. निवृत्तीनंतर आबांनी बरीच वर्षं वडापची, गावोगावची माणसं वाहायची, जीप चालवली. मग एक दिवस जीप वडूजच्या बाजारात सोडून ते चालत घरी आले, आणि गाडी कुठं आहे हे त्यांना सांगता येईना. तिथून सगळं सुटत गेलं. नावं गेली, वार गेले. सकाळी उठून दाराशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "पाणी पोचलं का?" लोक म्हणायचे, पोचलं हवालदार. टँकर येऊन गेला.

ट्रेलर दारात आला आणि आबांना काम मिळालं. तोट्या त्यांनी उघडल्या, चिंचेनं घासल्या. ब्रेकची तार त्यांनी ओवली. गंज खरवडायला मी टाकीत उतरणार म्हटल्यावर त्यांनीच नियम घातला.

"आतल्यानं ठोकत राहायचं," ते म्हणाले. "ठोकतोय तवर बाहीरच्याला कळतं, मानूस हाय म्हनून."

मला केवढं बरं वाटलं होतं. त्यांना माझी काळजी करता येत होती. मी आत घासायची, मधूनच ब्रशाच्या दांड्यानं पत्र्यावर टक टक करायची, आणि आबा बाहेर स्टुलावर बसून हुंकार द्यायचे.

त्या दिवशी ट्रेलर जीपला जोडलेलाच होता. ट्रेलरचा पुढचा पाय डागडुजीला रज्जाक मिस्त्रीकडे गेला होता, त्यामुळे त्याचं तोंड माझ्या चुलतभावाच्या, पोपटच्या, जीपच्या हुकावर टेकवून ठेवलं होतं. त्या जीपला किल्ली नव्हतीच, नुसती बटणं होती. आबा दोन वर्षांत कधी स्टिअरिंगकडे फिरकले नव्हते, त्यामुळे कोणाच्या मनातही आलं नाही. आई शेजारी कुरडया घालायला गेली होती. उन्हाची वेळ, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

जीप गल्लीतून वळली तशी मी आतल्या आडव्या पत्र्यावर आपटले. पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीच्या मधोमध तो पत्रा असतो. रंगाचा डबा कलंडला आणि गार, चिकट रंग माझ्या मांडीखालून, पाठीखालून पसरला. धरायला गेलं की हात सटकत होता. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते बोट लावून पाहावं लागलं.

मी ठोकायला लागले. दांड्यानं, मुठीनं, टाचेनं. "आबा, थांबवा! आबा!" पत्र्याच्या आत माझाच आवाज माझ्या कानांवर आदळत होता.

जीपनं वेग घेतला.

वास आता डोक्यात चढला होता. रज्जाक मिस्त्रीनं दहादा बजावलं होतं, पंखा बंद झाला की आधी बाहेर यायचं, मग बाकीचं. दिवाळीत एका विहिरीत इंजिन काढायला उतरून गुदमरून मेलेले दोघे भाऊ त्यानंच वर ओढले होते, आणि ते तो विसरला नव्हता. मला तेच आठवायला लागलं. आई घरी येईल, स्टूल रिकामं दिसेल. ती आबांना शोधेल. मला शोधणारच नाही, कारण मी आबांबरोबर आहे असं तिला वाटेल.

मग पायाकडे मला उजेड दिसला. बोटाएवढा. मागच्या तोट्या आबांनी वायसर घालायला काढल्या होत्या आणि त्यांची भोकं उघडी होती. मी कशीबशी वळले, आडव्या पत्र्याच्या खालच्या फटीतून अंग ओढलं, त्यात पाठ सोलली, आणि त्या भोकाला तोंड लावलं. धूळ आली, डिझेलचा धूर आला, पण वारा आला. तसं तोंड लावून मी किती वेळ पडून राहिले सांगता येणार नाही. मग डोळा लावला. रस्ता माझ्यापासून मागे पळत होता. कडेला चुना दिलेले दगड आणि दगडांपलीकडे काहीच नाही. खाली लांबवर आमच्या गावाची कौलं.

आम्ही पठाराच्या घाटात होतो. पवनचक्क्यांची अवजड यंत्रं वर न्यायला केलेला तो रस्ता. कठडे नाहीत, आणि वळणं अशी की आमच्या गावचे तरणे गडीसुद्धा तिथं जीप दुसऱ्या गिअरमध्ये रडत नेतात. आबा तिथं गिअर बदलत होते आणि जीप कुरकुरत नव्हती. त्यांचे हात काही विसरले नव्हते. ह्याचीच मला जास्त भीती वाटली. गाडी चुकली असती तर ती थांबली तरी असती.

कुठंतरी मेंढरांची घुंगरं वाजली. एक धनगर ओरडला, "ओ हवालदार, कुनीकडं?"

"पाणी घिऊन चाललोय," आबांचा आवाज आला. खणखणीत, तरणाबांड. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता.

मी भोकातून जीव खाऊन ओरडले. घुंगरं मागे पडली. मी पुन्हा ठोकायला घेतलं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी ठोकलं की जीप जोर धरते. आधी वाटलं, भास आहे. पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. जणू मी टाचच मारत होते तिला.

एका वळणाला ट्रेलरचं मागलं अंग बाहेर फेकलं गेलं. एक चाक क्षणभर कशावरच नव्हतं. मी डोक्यानं आपटले आणि हातातला ब्रश कुठं गेला कळलं नाही. मला ठोकवेना. हातच उचलेना.

जीप हळू झाली.

"किसन!" आबांची हाक आली. "ठोक की रं!"

जो माणूस माझ्या जन्माआधी मेला, त्याला माझा बाप हाक मारत होता, आणि ती हाक मला होती.

"किसन, ठोक! आलं आता. जवळ आलं. ठोकत ऱ्हा."

मी घाबरून ठोकलं. सवयीनंच म्हणा. बाप म्हणतोय, ठोक. टक टक केल्याबरोबर पुढून हुंकार आला, स्टुलावर बसून द्यायचे तसाच, आणि गाडी परत वर निघाली.

तेव्हा मला समजलं. मी आत जिवंत आहे, हे त्यांना ऐकू येत होतं. ऐकू येत होतं म्हणूनच ते थांबत नव्हते. मी ठोकेन तोवर ते मला पोचवत राहणार, आणि कुठं पोचवायचं ते ठिकाण ह्या डोंगरावर नव्हतंच. वर पठार होतं, पठाराच्या पलीकडे कडा.

गप्प बसायचं, एवढंच माझ्या हातात होतं. सांगायला सोपं वाटतं. पण अंधारात, नाका-तोंडात रंग गेलेला असताना, मी इथं आहे हे सांगायची एकमेव गोष्ट आपणच बंद करायची, ह्याला छाती लागते आणि माझ्यात ती नव्हती. माझे दात वाजत होते. दातांचा आवाज पुढं जाईल म्हणून मी पदर तोंडात कोंबला. गप्प बसल्यावर ते काय करतील हेही मला माहीत नव्हतं. ते बिथरले तर? स्टिअरिंग सोडून मागे वळून बघायला लागले तर?

"किसन?"

मी गप्प.

"किसन, ठोक रं. बाबा, ठोक."

जीप नागमोडी व्हायला लागली. भोकातून मला चुन्याचे दगड दिसले, मग दिसले नाहीत, मग पुन्हा दिसले. आबा काहीतरी बडबडत होते, शिव्या देत होते, आई-बहिणीवरून देवाला, विमानांना, मला. मग आवाज रडका झाला. मी पदर चावत राहिले.

आणि ब्रेक लागला.

इंजिन बंद झालं. आबा उतरल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता झाकण. पण नाही. आधी त्यांनी जीपचा हातब्रेक ओढला. मग ट्रेलरचा. मग दगड शोधत फिरले. एका चाकाखाली दगड बसला. मग लांब कुठंतरी गेले, परत आले आणि दुसऱ्या चाकाखाली दगड ठोकून बसवला. चढावर गाडी उभी केली की जे जे करायचं, ते सगळं त्यांनी केलं, आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे हिरवे-पिवळे ठिपके नाचायला लागले.

मग पावलं टाकीपाशी येऊन थांबली. पत्र्याला त्यांचा तळहात लागला. पण झाकणाकडे हात जाईना. ते नुसते उभे होते आणि त्यांचा श्वास मला भोकातून ऐकू येत होता. आत मेलेला माणूस आहे, असं त्यांना वाटत होतं. झाकण उघडायला ते भीत होते.

"आबा," मी म्हणाले. घशातून धड आवाज निघेना. "आबा, मी शालन. उघडा."

तळहात पत्र्यावरून निघाला.

"कोन शालन?" ते म्हणाले, आणि पावलं पुढं, जीपकडे जायला लागली.

मी पुढं जे केलं ते दया येऊन केलं, असं मागाहून मला पुष्कळांनी सांगितलं. तसं नव्हतं. ती पावलं लांब जाताना ऐकून माझं काळीज फाटलं होतं आणि मला बाहेर पडायचं होतं, एवढंच.

"यशवंता," मी भोकातून हाक मारली. जन्मदात्याला नावानं, अरे-तुरेनं. "किसन हाय मी. उघड."

पावलं थांबली. मग धावत आली. नट फिरले आणि उजेड असा आला की डोळ्यांत सुया टोचल्या. मी तोंडाशी धडपडत गेले, एक खांदा बाहेर काढला. आबा ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन वर चढले होते, झाकण हातात तसंच उचलून धरलेलं. राखाडी रंगानं माखलेलं माझं तोंड ते बघत होते.

"जिता हाईस?"

"हाय. हात दे."

त्यांनी हात दिला नाही. झाकणही सोडलं नाही. "इमानांनी टिपल्यावर तुला मागं आत घातलं, ठोकत ऱ्हा म्हनलं. तुजं ठोकनं बंद झालं, ते मला कळलं व्हतं," ते म्हणाले. "लगीच कळलं. सायबाला सांगितलं, पाणी पोचवायचं व्हतं, म्हनून थांबलो न्हाई. शाबासकी दिली त्यानं. पाण्याचं कोन बोलतंय, किसन? इमानं परत येतील म्हनून भ्यालो. मुतलो व्हतो मी सीटवर."

माझा दुसरा खांदा आत अडकला होता. मला फक्त झाकण दिसत होतं.

"थांबलो असतो, तर जगला असतास का?"

"न्हाई," मी म्हणाले. "न्हाई जगलो असतो. हात दे, यशवंता."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग झाकण मागं टाकलं आणि दोन्ही हातांनी मला काखेत धरून ओढून काढलं, लहान पोराला टोपल्यातून काढावं तसं.

मी रस्त्यावर पालथी पडून ओकले. आबा दगडावर बसून होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शालन, अंगाला काय लावून घेतलंयस गं?" आणि मग, "ही गाडी कुनाची?"

धनगरानं खाली निरोप दिला होता. पोपट मोटारसायकलवरून आला. जीप वळवायला जागा नव्हती म्हणून त्यानं ती वर पठारापर्यंत नेऊन आणली. मी तिच्यात बसले नाही. आबांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघं घाट चालत उतरलो.

पुढं ट्रेलर पुरा झाला. आतला रंग रज्जाक मिस्त्रीच्या माणसांनी दिला. त्याच्या पाण्यावर जगलेल्या करंजांची आता पठारावर सावली पडते. मी मात्र तेव्हापासून लिफ्टमध्येसुद्धा पाऊल ठेवत नाही.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं ते वेगळंच आहे. आईनं मला न्हाणीत बसवलं आणि रॉकेलच्या बोळ्यानं केस पुसायला घेतले. मी सगळं सांगितलं. किसनमामाचं सोडून. तिचा भाऊ होता तो. जागच्या जागी गेला, त्याला कळलंसुद्धा नाही, असं ती आम्हाला आयुष्यभर सांगत आली होती.

आई पुसत होती. मग म्हणाली, "किसनाचं नाव घेतलं आसंल."

मी मान वळवली. तिनं ती धरून परत पुढं केली.

"लग्नाला वरीस व्हायचं व्हतं," ती म्हणाली. "हिवताप आला त्यांना. दोन राती बडबडत व्हते. ठोकन्याचं, इमानाचं, समदं. तवाच कळलं मला."

"चाळीस वर्सं? आन तू बोलली न्हाईस? तुला म्हाईत हाय, एवढं तरी त्यांना सांगायचंस."

"सांगितलं आसतं तर ते ह्या घरात ऱ्हायले आसते व्हय?" ती म्हणाली. "तोंड घिऊन कुटंतरी निगून गेले आसते. एक गेलाच व्हता. दुसरा कशापायी घालवायचा?"

"राग न्हाई आला?"

"आला की. लई आला. भाकरी थापताना यायचा, धुनं धुताना यायचा." तिनं नवा बोळा घेतला, रॉकेलात बुडवला. "मग पोरं झाली."

माझ्या कानामागचा रंग निघत नव्हता. ती तिथं जोरानं घासत राहिली. मग ती म्हणाली, "आज गाडी कुनी थांबवली?"

"त्यांनीच."

"कुनी आडवं आलं? धनगर, कुनी?"

"न्हाई. मी ठोकायची थांबले, आन त्यांनी गाडी उभी केली. आपल्या आपन."

आईचा हात थांबला. मग तिनं बोळा टाकला, पदराला हात पुसले, आणि मला तशीच अर्धवट सोडून बाहेर गेली. मी न्हाणीच्या दारातून बघितलं. आबा ओट्यावर बसले होते, समोर गल्ली भरली होती, झाल्या प्रकाराची चौकशी करायला बायका-गडी जमले होते. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी बसणं तिला उभ्या जन्मात कधी जमलं नव्हतं. सणावाराच्या फोटोतसुद्धा ती मागं उभी असायची.

ती गेली आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. लोक बघत राहिले. ती उठली नाही.